सहावा भाग, एकतीस एमबी

एकोणीस वर्षं एका शहरात काढूनही, जयपुरात गोपीनाथ चिंचोळकरबद्दल कुणाला विचारलं असतं तर तो माणूस आधी अडखळला असता आणि मग म्हणाला असता, "अच्छा, वो कंप्यूटरवाले सर!" आडनाव तर तिथे कुणाच्या जिभेवर बसलंच नाही. पहिल्या वर्षी चिचोलकर, चंचलकर, चिंगोलकर असं काय काय होऊन झालं, मग शाळेने हात टेकले आणि तो सगळ्यांचा गोपीनाथजी झाला. तोही कुणाला दुरुस्त करत बसला नाही. दुरुस्त करायला तोंड उघडावं लागतं, आणि गोपीनाथ तोंड उघडायच्या आधी तीनदा विचार करणारा माणूस होता.

मूळचा खामगावचा. एका कंपनीने शाळाशाळांतून कॉम्प्युटर लॅब चालवायचं कंत्राट घेतलं होतं, तिच्यातर्फे तो दोन वर्षांसाठी म्हणून जयपूरला आला. बायको कौमुदी खामगावजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पक्की सरकारी नोकरी. ती सोडायची म्हणजे आपल्या हाताने लक्ष्मीला लाथाडणं. मुलगी उत्कर्षा तेव्हा पाच वर्षांची. दोन वर्षं काढायची, अनुभव गाठीला बांधायचा आणि मग विदर्भातच कुठेतरी चिकटायचं, असं ठरलं होतं. दोन वर्षांनी ती कंपनीच बुडाली. मुरलीपुऱ्यातल्या ज्या खासगी शाळेत तो लॅब सांभाळत होता, त्या शाळेने त्याला ठेवून घेतलं. गावाकडे अर्ज केले, एकदोन मुलाखतीही झाल्या, पण घोडं कुठेतरी पेंड खायचंच. मग 'पुढच्या जूनला बघू' म्हणता म्हणता सतरा जून गेले. उत्कर्षा इंजिनिअर होऊन पुण्याला नोकरीला लागली, आणि गोपीनाथ शास्त्री नगरातल्या पहिल्या मजल्यावरच्या त्याच खोलीत राहिला. दिवाळीत आठ दिवस आणि मे-जूनमध्ये महिनाभर तो घरी जायचा. घरी गेला की त्याच्यासाठी चांगल्या कपबश्या काढल्या जात. पाहुण्यांना काढतात त्या.

जयपुरात मराठी माणसं नाहीत असं नाही. बँकेत, विमा कंपनीत, केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत बदलून आलेली कुटुंबं आहेत, वैशाली नगरकडे आयटीतली पोरंपोरी आहेत. गणपतीत एकदोनदा तो त्यांच्या आरतीलाही जाऊन आला. "तुम्ही कुठल्या ब्रँचला?" असं तिथे कुणीतरी हटकून विचारायचं. "ब्रँच नाही, मी शाळेत लॅब बघतो," असं याने म्हटलं की समोरचा "अरे वा!" म्हणून प्रसादाच्या रांगेकडे वळायचा. 'अरे वा' हे दोन शब्द मराठीत किती गार असू शकतात, ते ज्याने ऐकलेत त्यालाच ठाऊक. तिसऱ्या वर्षापासून गोपीनाथने जाणं सोडलं.

तेव्हा मराठी उरली ती फोनवर. रोज संध्याकाळी आठला कौमुदीचा फोन.

"जेवले का?"

"जेवतो आता. खिचडी टाकली."

"आजही खिचडीच? थंडी आहे का तिकडे?"

"आहे. मतलब, फार नाही."

"बरं. उत्कर्षाला फोन केला होता का?"

"ती बिझी असते ना."

"हो, ते आहेच. बरं, ठेवते मग."

चार मिनिटं. कधी पाच. दोघांपैकी कुणाचंही काही चुकत नव्हतं, भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. अख्खा दिवस त्या चार मिनिटांत बसवायची सवय झाली होती, आणि जे बसत नाही ते सांगायचं नाही, एवढंच. गोपीनाथच्या बोलण्यात 'मतलब' फार येतं म्हणून उत्कर्षा पूर्वी त्याला चिडवायची. अलीकडे चिडवत नसे. चिडवायलासुद्धा वेळ लागतो.

आता शाळेच्या मालिकेचं सांगायला हवं.

गेल्या जुलैत शाळेच्या प्रिन्सिपल मधुमती मॅडमना कुणीतरी पटवलं की आजकाल शाळा नुसत्या निकालावर चालत नाहीत, पालकांच्या मोबाइलमध्ये शिरावं लागतं. इंग्रजी शिकवणाऱ्या मिताली मॅडमला लिहिण्याची खाज होती. तिने सुचवलं की शिक्षकांनी स्वतःच स्वतःची टिंगल करणारी एक विनोदी मालिका काढावी, महिन्याला एक भाग, नाव 'स्टाफरूम'. शिक्षकांनी आधी नाकं मुरडली, पण पहिला भाग पालकांच्या ग्रुपवर गेला आणि सगळ्यांचा नूर बदलला. त्यात हजेरीच्या नव्या यंत्राला संस्कृतच्या सरांचा अंगठाच ओळखता येत नाही. सर यंत्रासमोर उभे आणि यंत्र म्हणतं गैरहजर, असा सगळा गोंधळ होता. पालक पोट धरून हसले. त्यानंतर शिक्षकांत भूमिकांसाठी जी रस्सीखेच सुरू झाली ती बघण्यासारखी होती. दोन ओळी जास्त मिळाव्यात म्हणून गणिताच्या बाईंनी मितालीला घरचे गोंद के लड्डू, म्हणजे डिंकाचे लाडू, आणून दिले.

या सगळ्यात कॅमेरा, दिवे, आवाज, कापणं, जोडणं हे काम गोपीनाथचं. शेवटी दोन सेकंद पाटी यायची: 'तकनीकी सहयोग: गोपीनाथजी'. आणि त्याहून मोठं काम त्याचंच होतं, जे कुणाला दिसत नव्हतं. कॅमेऱ्यातून निघालेला भाग दोन-अडीच जीबीचा असायचा. पालकांचे फोन आधीच सुप्रभातच्या फुलांनी आणि नातेवाइकांच्या लग्नांनी गच्च भरलेले. मॅडमचा हुकूम होता, पन्नास एमबीच्या वर एक दाणाही नको. तो अडीच जीबीचा हत्ती पन्नास एमबीच्या पिंजऱ्यात कोंबण्याचं काम गोपीनाथ करायचा, आणि त्याला ते मनापासून आवडायचं.

मितालीने एकदा विचारलं होतं, "सर, ये छोटा होता कैसे है?"

क्वचितच कुणी त्याला काही विचारायचं. तो खुलला. त्याने सांगितलं की व्हिडिओ म्हणजे सेकंदाला पंचवीस फोटो. पण प्रत्येक फोटो पुरा कशाला ठेवायचा? एक पुरा ठेवायचा आणि पुढच्या फोटोंत फक्त काय हललं तेवढंच लिहायचं. भिंत हलत नाही, कपाट हलत नाही, तर ते पुन्हा लिहायचं नाही. "जो जगह पर चुपचाप बैठा है, उस पर खर्चा नहीं करना," असं तो हिंदीत म्हणाला. मिताली हसली. गोपीनाथही हसला, आणि मग त्याला वाटलं की आपण फार बोललो.

पहिले पाच भाग त्याने जुन्या, सगळीकडे चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये दाबले. त्यात फाइल लहान व्हायची, पण चेहरे शिजून गळलेल्या भातासारखे दिसायचे. डोळे कुठे आणि चष्मा कुठे ते अंदाजाने ओळखायचं. कुणी तक्रार केली नाही. पाच भागांत गोपीनाथचा चेहरा नव्हता, त्यामुळे त्यालाही ते खुपलं नाही. माणसाची जात!

सहाव्या भागाची गोष्ट अशी होती की एक म्हातारे मास्तर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेत, पण त्यांना निरोप द्यायचं कुणाच्या लक्षातच राहिलेलं नाही. ते रोज येतात, चहा पितात, कोपऱ्यात बसून वह्या तपासतात आणि घरी जातात. पीटीचे सतीशजी मास्तर होणार होते. शूटिंगच्या सकाळी त्यांची मान अशी आखडली की त्यांना बोलायचं झालं तर अख्खं अंग फिरवावं लागे. सगळे खोळंबले. मितालीने इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "गोपीनाथजी, आप ही बैठ जाइए ना. कैमरा तो खड़ा ही है."

नाही म्हणायला त्याला तीनदा विचार करायचा होता, तेवढ्यात कुणीतरी मितालीच्या सासऱ्यांचा तपकिरी लोकरी कोट त्याच्या अंगावर चढवलासुद्धा. त्याला चार वाक्यं होती. शेवटचं असं: प्रिन्सिपल त्याला विचारतात की अहो, तुम्ही अजून येता कसे? तेव्हा त्याने म्हणायचं, "मैडम, मुझे तो किसी ने कहा ही नहीं कि जाना है."

गोपीनाथला अभिनय येत नव्हता. त्याने ते वाक्य खिचडी टाकल्याचं सांगतो तसं सांगितलं. स्टाफरूममध्ये असा हशा फुटला की बाहेर व्हरांड्यातली मुलं थबकली. मिताली डोळे पुसत होती. मधुमती मॅडम, ज्या सहसा ओठ न उघडता हसतात, त्यांचे दात दिसले. सतीशजी अख्खं अंग फिरवून म्हणाले, "वाह गोपीनाथजी, कहाँ छुपे बैठे थे आप?" पुढचे आठ दिवस पोरं त्याला जिन्यात गाठून ते वाक्य ऐकवायची. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा लॅबच्या बाहेरून जाणारी माणसं आत डोकावून नमस्कार करायला लागली.

त्याला फार बरं वाटलं. आणि लगेच दुसरंही वाटलं: हे घरी दिसायला हवं. घरी तो इतकी वर्षं चार मिनिटांचा आवाज होता. इथे आपण कुठे बसतो, आपल्या बोलण्यावर माणसं कशी हसतात, आपल्यालाही कुणी 'वाह' म्हणतं, हे कौमुदीने आणि उत्कर्षाने एकदा डोळ्यांनी बघावं, एवढीच त्याची इच्छा होती. 'बाबा जयपूरला काय करतात' याचं उत्तर त्या दोघींना देता आलं नसतं, हे त्याला माहीत होतं. आणि त्याचा दोष तो त्यांना देत नव्हता.

म्हणून सहावा भाग त्याने नव्या फॉरमॅटमध्ये दाबायचं ठरवलं. एच-२६५ म्हणतात त्याला. तितक्याच जागेत जवळजवळ दुप्पट स्वच्छ चित्र देतो, फक्त फोन जरा नवा लागतो, जुन्या फोनला तो उलगडता येत नाही. हे गोपीनाथला पाठ होतं. नववीच्या मुलांना तो हेच शिकवायचा. पण गरजवंताला अक्कल नसते. शनिवारी त्याने चारदा सगळं बदलून बघितलं. अठरा मिनिटांचा भाग, एकतीस एमबी, आणि चेहरा असा लख्ख की कपाळावरची शीरसुद्धा दिसावी. लॅबच्या कॉम्प्युटरवर चालवला, चालला. उत्कर्षाने गेल्या वर्षी घेऊन दिलेल्या स्वतःच्या फोनवर चालवला, चालला. तिसऱ्या फोनवर चालवून बघायचं त्याच्या मनातही आलं नाही. पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि रविवारी सकाळी दोघींना पाठवला. खाली लिहिलं, 'मी आहे यात. वेळ मिळेल तेव्हा बघा.'

दोन मिनिटांत उत्कर्षाचं उत्तर आलं: 'मस्त बाबा!!' पुढे हसून रडणारी दोन तोंडं. दुपारी कौमुदीचं आलं: 'छान झालं आहे.'

गोपीनाथ उठला, दाढी केली, बाजारात जाऊन पाव किलो गजक, म्हणजे तिकडची तिळगुळाची वडी, आणली. दुकानदाराने विचारलं नसताना त्याला सांगितलं की आज घरून फोन येणार आहे. रोजच येतो, हे सांगितलं नाही. संध्याकाळी फोन आला तेव्हा कौमुदी गडबडीत होती, संक्रांतीच्या वाणाची यादी चालली होती. "बघितलं ना?" त्याने विचारलं. "बघितलं ना, छान आहे," ती म्हणाली. त्या दिवशी साडेतीन मिनिटांत फोन संपला, आणि गोपीनाथला ते जाणवलंही नाही.

सोमवारी पहिल्याच तासाला मधुमती मॅडमनी बोलावणं पाठवलं. त्यांच्यासमोर फोन ठेवलेला, आणि फोनवर पालकांच्या तक्रारींची रांग.

"गोपीनाथजी, ये क्या भेज दिया आपने? आधे से ज़्यादा लोगों के फोन में चल ही नहीं रहा. आवाज़ आ रही है, पर्दा काला है."

"मैडम, वो नया फॉर्मेट..."

"नया-पुराना मुझे नहीं पता. पिछले पाँच तो चले थे ना?"

चूक त्याची होती आणि ती त्याने मान्य केली. दिवसभर लॅबमध्ये बसून त्याने भाग पुन्हा जुन्या पद्धतीने दाबला, चेहरे पुन्हा भातासारखे गळले, आणि पालकांच्या ग्रुपवर सगळीकडे अंगठे उमटले. प्रकरण मिटलं. पण मॅडमच्या खोलीतून जिना उतरतानाच त्याला एक गोष्ट आठवली होती. कौमुदीचा फोन म्हणजे उत्कर्षाचा जुना, सहा वर्षांपूर्वीचा. तो गोपीनाथनेच तिला साफसूफ करून दिलेला. त्या फोनवर हा भाग दिसणं शक्यच नव्हतं.

आणि ती म्हणाली होती, बघितलं, छान आहे.

मग त्याने उत्कर्षाच्या उत्तराची वेळ बघितली. भाग अठरा मिनिटांचा. पाठवल्यापासून उत्तर यायला दोन मिनिटं. पोरीचा फोन नवाकोरा होता, तिच्याकडे तो चालला असता. चालवला असता तर.

संध्याकाळी कौमुदीचा फोन आला तेव्हा त्याने ठरवलं होतं की विचारायचं नाही. आणि विचारलंच.

"कोट कसा दिसला मला?"

मग कौमुदी म्हणाली, "छान दिसत होता ना. निळा तुम्हाला शोभतोच."

"हो," गोपीनाथ म्हणाला. "निळाच होता."

मंगळवारी त्याने भाजी जाळली, आणि लॅबमध्ये एका मुलावर कारण नसताना ओरडला. त्याला राग आला होता. आपण काही हत्ती मागितला नव्हता, अठरा मिनिटं मागितली होती. खोटं बोलायचं तर निदान नीट तरी बोलावं! माणूस एकटा राहिला की त्याचा राग फार शिस्तीत वाढतो, कारण मध्ये बोलून कुणी त्याला मोडत नाही.

बुधवारी संक्रांत. शाळेला सुट्टी. जयपुरात त्या दिवशी जमिनीवर कुणी सापडत नाही. पहाटेपासून सगळं शहर गच्च्यांवर पतंग घेऊन चढतं, आणि गच्चीगच्चीवरून लाउडस्पीकर एकमेकांवर ओरडतात. घरमालकांच्या सुनेने जिन्यातून हाक मारली, "मास्टरजी, ऊपर आ जाइए, फीणी बनी है!" संक्रांतीला तिकडे ती शेवयांसारखी मिठाई करतात. तो "आता हूँ" म्हणाला आणि गेला नाही. खाटेवर बसून फोन उघडला. मनात असं होतं की कौमुदीची जुनी उत्तरं बघायची. ती आपल्याला आजवर किती वेळा खोटं 'छान' म्हणाली ते एकदा मोजायचंच. वकील जसा पुरावा काढतो तसा तो बोटाने वर वर जात राहिला.

कौमुदीची 'छान' फार नव्हती, कारण त्याने तिला पाठवलेलंच फार नव्हतं. वर जाता जाता दिसत होतं ते त्याचं स्वतःचं. तिने अंगणातल्या जास्वंदाचा फोटो पाठवलेला. खाली त्याचं 'छान'. शाळेतल्या मुलांनी काढलेल्या रांगोळीचा, 'छान'. उत्कर्षाच्या पहिल्या पगाराच्या साडीचा. 'छान', पुढे अंगठा. फोन भरू नये म्हणून कुठलाही फोटो, कुठलाही व्हिडिओ आपोआप उतरणार नाही अशी सोय त्याने फार पूर्वी करून ठेवली होती. त्यामुळे जवळजवळ सगळ्या चित्रांवर अजून तो धुरकट पडदा तसाच होता, मध्ये उतरवून घ्यायचा बाण. बाण दाबायचा कंटाळा, आणि उत्तर तर द्यायला हवं. म्हणून 'छान'. त्याने मोजायचं थांबवलं.

एप्रिलमध्ये एक व्हिडिओ होता. दोन मिनिटं चौदा सेकंद. धुरकट चित्रात नुसता एक लाल डाग आणि त्याच्यावर पिवळा. खाली कौमुदीने लिहिलेलं: 'शिकले एकदाची! गल्लीच्या टोकापर्यंत एकटी जाऊन आले.' त्याच्या खाली त्याचं 'छान'.

मे-जूनमध्ये आणि दिवाळीतही अंगणात एक लाल स्कूटी उभी असलेली त्याने बघितली होती. उत्कर्षाने येण्याजाण्यासाठी ठेवली असेल, असं समजून त्याने विचारलंही नव्हतं. दिवाळीनंतर निघायच्या दिवशी कौमुदी म्हणाली होती, "मी सोडते ना तुम्हाला स्टँडवर." त्याला वाटलं ती ऑटोत सोबत यायचं म्हणतेय. "कशाला तुला त्रास?" असं म्हणून तो एकटाच ऑटोत बसला होता. बावन्न वर्षांची बाई स्कूटी शिकली, आणि नवऱ्याला त्याचा पत्ता नाही. कालचा सगळा राग पाय घसरून पडावा तसा गेला, आणि त्याच्या जागी जे आलं त्याला गोपीनाथकडे शब्द नव्हता. लाज म्हणा.

त्याने बाण दाबला. फोनने सांगितलं की ही फाइल आता उपलब्ध नाही. ज्यांनी पाठवली त्यांना पुन्हा पाठवायला सांगा.

म्हणजे मागावं लागणार होतं. आणि मागणं म्हणजे तेव्हा बघितलं नव्हतं हे कबूल करणं. तीनदा विचार करायची सवय असलेल्या त्या माणसाने या वेळी एकदाच केला आणि लिहिलं, 'एप्रिलमधला तुझा स्कूटीचा व्हिडिओ पुन्हा पाठव. तेव्हा मी तो उघडलाच नव्हता.'

दोन निळ्या खुणा आल्या. कौमुदी लिहू लागली, थांबली, पुन्हा लिहू लागली. ती एका बोटाने लिहायची.

'तो नाही आता. रविवारी डिलीट केला.'

मग दुसरं आलं. 'फोन भरला होता. तुमचा एपिसोड उतरत नव्हता. जुनं सगळं काढलं तेव्हा उतरला.'

मग तिसरं. 'तो पण दिसला नाही हो. नुसतं काळं. आवाज मात्र दोनदा ऐकला. लोक खूप हसत होते.'

गोपीनाथने तिन्ही वाक्यं दोनदा वाचली. ती दोन मिनिटं चौदा सेकंद आता जगात कुठेच नव्हती. तिच्या फोनमध्ये नाही, त्याच्या नाही, मधल्या कुठल्या कॉम्प्युटरमध्ये नाही. त्याचे एकतीस एमबी मावावेत म्हणून तिने ती आपल्या हाताने पुसली होती. आणि ज्याच्यासाठी ती काढली होती त्याने ती बघितली नव्हती.

त्याने फोन लावला. आठ वाजायला अजून सात तास होते.

"काऊन हो, या वेळी फोन?" कौमुदीचा आवाज घाबरलेला. "बरं आहे ना तुम्हाला?"

"बरं आहे. तू कामात आहेस का?"

"बायका यायच्या आहेत चारला. तोवर नाही. काय झालं?"

"त्या व्हिडिओत काय होतं ते सांग."

"आता त्यात काय सांगायचं? गेला तो."

"म्हणूनच सांग. सगळं सांग. मतलब... मला वेळ आहे."

कौमुदी हसली, जरा अवघडून, नव्या माणसाशी बोलावं तशी. मग सांगायला लागली. शेजारच्या मंजुषाने कौमुदीच्याच फोनवर काढला होता तो. पिवळा पंजाबी ड्रेस घातला होता, कारण साडी चाकात जायची भीती. आधी गाडी सुरूच होईना, तर मंजुषा म्हणाली ब्रेक दाबा काकू, ब्रेक. गल्लीतली दोन पोरं 'आजी, हॉर्न वाजवा' म्हणून मागे पळत होती, त्यांना हिने रागावलं, तेही त्यात आलं होतं. पाटलांच्या घरापाशी कुत्रं आडवं आलं. ते चुकवलं. टोकाला जाऊन वळायचं होतं, आणि वळणाचीच तर भीती, पण वळली. दोन मिनिटांचा व्हिडिओ सांगायला तिला वीस मिनिटं लागली, आणि गोपीनाथ फक्त 'हं', 'मग?' एवढंच म्हणत होता. वरच्या गच्चीवर कुणाचा तरी पतंग कापला गेला आणि गलका उठला, तेव्हा त्याने दुसऱ्या कानावर हात धरला.

"आणि परत येताना शेवटी," कौमुदी म्हणाली, "मंजुषा म्हणे, काकांना हात दाखवा. तर मी एक हात सोडून तुम्हाला हात दाखवला. कॅमेऱ्याकडे बघून. आणि तिथंच पडले ना गाडीसकट. गटाराच्या कडेला. ते पण आलं होतं त्यात, मंजुषाची किंकाळी आणि सगळं. मंजुषा म्हणे काढून टाकू तेवढं, मी म्हटलं राहू दे. वाटलं, आता तुमचा फोन येईल, तुम्ही ओरडाल मला. तुम्ही 'छान' लिहिलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"खूप लागलं होतं का?" गोपीनाथने विचारलं. नऊ महिन्यांनी.